रसेलचा जुना ओढता ग्रेडर, ८ फुटी पातं: ९०० फुटी खडीच्या ड्राइव्हवेसाठी घ्यावा का?

मिनेसोटाकर

घराचा ड्राइव्हवे खडीचा आहे. ९०० फूट लांब, १२ फूट रुंद. काउंटी (जिल्हा) रोडपासून पहिले ७०० फूट जवळपास सपाट, शेवटचे २०० फूट घराकडे चढ, साधारण ७ टक्के. माल क्लास ५ (मिनेसोटातली खडीची एक प्रत). सपाट भागात दोन्ही चाकोऱ्यांत खड्डे पडतात, तर चढावर नालीदार पत्र्यासारख्या लाटा उठतात.

ट्रॅक्टर ४५ एचपी, फोर व्हील, लोडरसकट वजन ४,५०० पौंडांच्या आसपास. मागे थ्री पॉइंटवर (ट्रॅक्टरच्या मागची तीन दांड्यांची उचल) ६ फुटी बॉक्स ब्लेड, म्हणजे दोन्ही बाजूंनी बंद आणि उकरायचे दात असलेलं पातं. ते फिरवलं की दिवसभर रस्ता छान दिसतो आणि दोन पावसांत खड्डे त्याच जागी परत येतात. शिवाय ब्लेड स्वतःच लांब लांब लाटा पाडतं.

जवळच्या एका शेतावर रसेलचा जुना ओढता ग्रेडर (पात्याने रस्ता कापून आकार देणारं, ट्रॅक्टरमागे ओढायचं यंत्र) विकायला आहे. लोखंडी चाकं, कलती होणारी. ८ फुटी पातं, मागे उभं राहायचा फलाट, सगळी हँडव्हील (पातं हाताने वर-खाली करायची चाकं). बरीच वर्षं झाडाखाली उभा आहे.

विचारायचं असं:
१. घेण्याआधी काय तपासू?
२. हा ट्रॅक्टर त्याला ओढेल का?
३. कुठल्या क्रमाने चालवायचा?
४. हायड्रॉलिक सिलिंडर लावून एकट्याने चालवता येतो का?
५. वरून नवी खडी किती लागेल?

---

वर्मगिअर

रसेल म्हणजे तुमच्या मिनियापोलिसचीच कंपनी. १९२८ मध्ये कॅटरपिलरने ती विकत घेतली आणि कॅटरपिलरची ग्रेडर बनवण्याची सुरुवात तिथून झाली. कलती चाकं त्याहून जुनी, इंडियानापोलिसच्या अ‍ॅडम्सने १८८५ मध्ये आणलेली. सुटे भाग आता कुठल्या डीलरकडे मिळत नाहीत. एक तर दुसरं मोडकं यंत्र शोधायचं, नाहीतर लेथवर बनवून घ्यायचे. म्हणून तपासताना 'गंजलंय का' हे बघू नका, गंज निघतो. 'तडकलंय का' ते बघा.

बिडाचे भाग आधी: पातं उचलणाऱ्या दोन्ही वर्म गिअरची (स्क्रूसारख्या दांड्याने फिरणारं दातेरी चाक) घरं, हँडव्हीलचे आरे, चाकांचे हब. वायर ब्रशने घासून रॉकेल लावा, पुसा, वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर पाच मिनिटांत खडूवर ओली रेघ उमटते. वर्म गिअरचं घर तडकलेलं असेल तर किंमत निम्मी करा किंवा घेऊ नका. बीड वेल्ड करता येतं, पण तिथे सगळा भार झटक्याने येतो आणि जोड पुन्हा उकलतो.

मग चौकट. मागे उभं राहून दोन्ही बाजूंचे बीम एका डोळ्याने नीट पहा. कधीतरी बुंध्याला धडकलेलं यंत्र एका बाजूला पिळलेलं असतं. त्याने कॅम्बर (रस्त्याच्या मध्यापासून कडेकडे दिलेला उतार) कधीच सरळ निघणार नाही.

पात्याच्या एका टोकाखाली पहार घालून वर-खाली करा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त खेळ (ढिलेपणा) असेल तर चालताना पातं थरथरतं आणि रस्त्यावर बारीक लाटा पडतात. हा खेळ कुठून येतो ते बोट ठेवून शोधा: उचलणाऱ्या दांड्यांचे गोळा-सांधे, सर्कलखालच्या (पातं ज्यावर फिरतं ते गोल कडं) पकडी, की वर्मचे दाते. पहिले दोन पातळ पत्र्याच्या शिम घालून दुरुस्त होतात. झिजलेले दाते होत नाहीत.

जाम झालेलं हँडव्हील पाइप घालून फिरवू नका, आरा तुटतो. गंज सोडवणारं तेल दोन-तीन दिवस रोज सोडा, बाहेरचं घर थोडं गरम करा (तेल पुसून, नाहीतर पेटेल) आणि पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे असं हलवत राहा. एकदा हललं की जिंकलात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडा ग्राइंडर मारू नका.

---

पाणसळ

बॉक्स ब्लेडचं रडगाणं आधी समजून घ्या, म्हणजे ग्रेडर का घ्यायचा ते कळेल.

थ्री पॉइंटवरचं ब्लेड मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे लटकतं. पुढची चाकं उंचवट्यावर चढली की ब्लेड रुततं. मागची चढली की ब्लेड चाकांपेक्षाही जास्त उचललं जातं. म्हणजे रस्त्याची प्रत्येक चूक ते थोडी वाढवून पुढे छापतं. ओढत्या ग्रेडरचं पातं पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मधे असतं. पुढची जोडी ४ इंच उचलली गेली तर मधलं पातं साधारण २ इंच उचललं जातं. प्रत्येक फेरीला चूक निम्मी होत जाते. बाकी जादू काही नाही, लांबीचाच हिशोब आहे.

खड्डे परत का येतात? कारण तुम्ही ते *भरता*. खड्ड्याचा तळ आणि कडा घट्ट दाबलेल्या असतात, वर टाकलेला सुटा माल त्याच्याशी सांधत नाही. गाडीचं चाक आणि पाणी मिळून तो उपसून काढतात. खड्डा भरायचा नसतो, आजूबाजूचा रस्ता खड्ड्याच्या तळाखाली एक इंच कापायचा असतो. खड्डा २ इंच तर काप ३ इंच. तो सगळा माल मोकळा करून, मिसळून, ओला असताना परत पसरायचा. लाटांनाही तेच औषध.

कापण्याआधी दर १०० फुटांवर कुदळीने खड्डा घेऊन खडीचा थर किती जाड आहे ते मोजा. ३ इंचच थर असेल आणि तुम्ही ३ इंच कापलंत तर खालची चिकणमाती वर येईल. मग वसंतात गाडी नाही, बोट लागेल.

कॅम्बर: दर फुटाला अर्धा इंच, म्हणजे ४ टक्के. तुमच्या १२ फुटी रस्त्याला मध्यभाग कडेपेक्षा ३ इंच उंच हवा. मोजायला ४ फुटी पाणसळ घ्या, तिच्या कडेकडच्या टोकाखाली २ इंची लाकडी ठोकळा चिकटपट्टीने बांधा. रस्त्यावर आडवी ठेवल्यावर बुडबुडा मधे आला की ४ टक्के. नजरेवर जाऊ नका. नजरेला ४ टक्के नेहमी फार वाटतात आणि हात २ टक्क्यांवर थांबतो. २ टक्क्यांवर पाणी उभं राहतं.

---

मुरूमकर

इकडे महाराष्ट्रात आयआरसीप्रमाणे (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) खडीच्या रस्त्यांना जास्त पावसात ३ टक्के आणि कमी पावसात २.५ टक्के कॅम्बर धरतात, कच्च्या मातीला ४ आणि ३. मग मिनेसोटाच्या खडीला ४ कशाला? जास्त दिला तर माल कडेला वाहतो आणि गाड्या मधोमध चालतात.

---

पाणसळ

@मुरूमकर, मुद्दा बरोबर, पण ते आकडे रोलरने दाबून, टेम्प्लेट लावून केलेल्या रस्त्याचे. नुसत्या पात्याने केलेल्या आणि गाडीच्या टायरने दाबल्या जाणाऱ्या रस्त्याचा कॅम्बर पहिल्या महिन्यातच बसतो. अमेरिकेत खडीच्या रस्त्याला ४ टक्के सांगतात ते म्हणूनच. ६ च्या वर जाऊ नये, हिवाळ्यात बर्फावर गाडी कडेला घसरते.

---

तेलकट_हात

ट्रॅक्टरबद्दल. वरवरच्या देखभालीला ४५ एचपी पुरेल. अश्वशक्तीपेक्षा वजन बघा. घट्ट खडीवर ट्रॅक्टरची ओढ त्याच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास धरा, म्हणजे तुमची २,००० ते २,२०० पौंड. ८ फुटी पात्याने ३ इंच एका दमात कापणं त्यात बसणार नाही, चाकं गरगर फिरतील आणि नव्या चाकोऱ्या पडतील. एकेक इंचाच्या तीन फेऱ्या करा. मागच्या टायरमध्ये पाणी-मीठ किंवा चाकांवर बिडाची वजनं घाला. लोडरची बादली काढून ठेवा, पुढे लटकणारं वजन मागची पकड कमी करतं.

घट्ट झालेला थर ग्रेडरचं पातं कापत नाही, त्यावरून घसरतं. म्हणून बॉक्स ब्लेड विकू नका. त्याचे दात खाली सोडून आधी रस्ता उकरून घ्या, मग ग्रेडर. दोन्ही अवजारांची कामं वेगळी.

जोडणी फक्त ड्रॉबारला (ट्रॅक्टरमागची खालची ओढपट्टी). टॉप लिंकच्या (थ्री पॉइंटची वरची दांडी) ब्रॅकेटला किंवा वर उचललेल्या लिफ्टच्या दांड्यांना कधीही नाही. पातं अडकलं आणि ओढ मागच्या अ‍ॅक्सलच्या वरून लागत असेल तर ट्रॅक्टरचं नाक उचललं जातं आणि तो मागे उलटतो. त्याला एक-दीड सेकंद लागतो, क्लच दाबायला वेळ मिळत नाही. रोलबार (उलटल्यास चालकाला वाचवणारी कमान) उभा, पट्टा बांधलेला. पिनला क्लिप, शिवाय सुरक्षा साखळी.

घोड्यांसाठीची लांब लाकडी दांडी असेल तर ती काढून लोखंडी करा. पण फार आखूड करू नका. वळताना ट्रॅक्टरचं मागचं टायर ग्रेडरच्या पुढच्या चाकाला लागता कामा नये. पूर्ण वळवून मोजा आणि वर एक फूट सोडा.

अजून एक, हे घेण्याआधी कोणी सांगत नाही: हे यंत्र रिव्हर्स घेता येत नाही. पुढचा अ‍ॅक्सल दांडीबरोबर फिरतो, मागे ढकललं की दुमडतं. दोन्ही टोकांना वळायला जागा लागते. घराकडे अंगण असेल, काउंटी रोडकडे काय? रस्त्यावर जाऊन वळणं टाळा. आत एखादं फाटक आणि मोकळं रान असेल तर तिथून वळवा. वळताना पातं पूर्ण वर आणि सरळ आडवं, तिरकं ठेवलं तर त्याचं टोक चाकात अडकतं.

---

वर्मगिअर

आता चालवायचा क्रम. दोन माणसं लागतील, एक ट्रॅक्टरवर, एक फलाटावर. हाताच्या खुणा आधी ठरवा: थांब, हळू, उचलतोय. ओरडलेलं ऐकू येत नाही. फलाटावर फक्त चालवणारा, पोरंटोरं नाहीत.

पाऊस पडून गेल्यावर दुसरा दिवस उत्तम. मूठभर माल दाबून लाडू वळून पहा. लाडू टिकला पाहिजे, हाताला चिखल लागता कामा नये आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर दोन-तीन तुकडे झाले पाहिजेत. वळतच नसेल तर कोरडा, त्या दिवशी फक्त धूळ उडेल. जमिनीवर पचकन बसला तर दोन दिवस थांबा.

पात्याचा कोन सरळ आडव्यापासून ३० ते ४५ अंश. तुम्ही ४० वर ठेवा. ४० अंशांवर ८ फुटी पातं ६ फूट १-२ इंच रुंदी व्यापतं, बरोबर तुमचा अर्धा रस्ता. कोन कमी ठेवला तर माल पात्यापुढे साचतो आणि शेवटी दोन्हीकडून सांडून दोन वरंबे पडतात.

पात्याचा वरचा भाग पुढे झुकवला की ते माल लोळवत, दाबत नेतं. मागे झुकवला की धार बोचते आणि कापते. बऱ्याच जुन्या यंत्रांत हे बोल्ट काढून बदलावं लागतं, त्यामुळे कापायच्या फेऱ्या एकदम आटपून घ्या.

पहिली फेरी उजव्या कडेने. पात्याचं उजवं टोक पुढे आणि गवताच्या कडेवर. कडेला खडीचा जो बांध साचलेला असतो तो फोडून माल मधे आणायचा. हा बांध फार वाईट. त्यामुळे पाणी चरात जातच नाही, रस्त्याच्या कडेनेच वाहतं. निघालेलं गवत आणि मुळं दाताळ्याने काढून बाहेर टाका, मिसळू नका. कुजून तिथे मऊ पडतं.

मग परत येताना दुसरी कड तशीच. आता मधोमध एक वरंबा तयार होतो. त्यानंतर दोन्ही अर्ध्यांत ठरलेल्या खोलीपर्यंत एकेक इंच कापत माल वरंब्यात घ्या. शेवटच्या दोन फेऱ्यांत पातं कॅम्बरच्या उताराला ठेवून वरंबा दोन्हीकडे पसरायचा. शेवटच्या फेरीत मधोमध बारीक कणा दिसतो, तो गाड्यांनी बसतो. उलट मधे खोबण राहिली तर पाणी तिथेच मुरतं, ती ठेवू नका.

चाकं कुठे कलती करायची यात गोंधळ होतो. उजवं टोक पुढे आहे, माल डावीकडे सांडतोय. माल डावीकडे ढकलताना तो यंत्राला उजवीकडे रेटतो. म्हणून चाकांची डोकी डावीकडे, माल जिकडे सांडतो तिकडे. कलतं चाक कललेल्या बाजूला जाऊ पाहतं आणि रेटा तोलला जातो. उलटं कलवलंत तर अख्खं यंत्र घसरत चरात जाईल.

मागचं चाक वरंब्यावर चढू देऊ नका. चढलं की पात्याचं तेच टोक उचललं जातं आणि पाच-सहा फुटांचा उंचवटा राहतो. मागचा अ‍ॅक्सल आडवा सरकवायची सोय असते ती यासाठीच. वरंबा चाकाच्या पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर पडला पाहिजे.

वेग ताशी ३ ते ४ मैल, म्हणजे झपझप चालण्याचा. यंत्र उड्या मारायला लागलं की वेग कमी करा. हँडव्हील सतत फिरवत बसू नका. नवा माणूस प्रत्येक खळग्याला पातं हलवतो आणि रस्ता सापासारखा होतो. एकदा लावलं की ५० फूट हात काढून बघायला शिका.

---

मिनेसोटाकर

खूप आभार. सगळं तपासलं, निकाल असा:

- वर्मची घरं शाबूत, खडूवर रेघ नाही. पात्याच्या टोकाला खेळ पाऊण इंच, बराचसा गोळा-सांध्यांत.
- मागचं उजवं चाक डोक्याला धरून हलवलं तर पाऊण इंच डगमगतं.
- कटिंग एज (पात्याला खाली बोल्टने लावलेली धारेची पट्टी) मधे झिजलीय. दोन टोकांना दोरी ताणली तर मधे अर्धा इंच फट. नवी बघितली तर भोकांची अंतरं जुळत नाहीत.
- खडीचा थर सपाट भागात ४ इंच, चढावर जेमतेम अडीच.

---

वर्मगिअर

अर्धा इंच झिजलेली एज बदलाच. मधे झिजलेल्या धारेने कॅम्बर दोन सरळ उतारांचा न होता कासवाच्या पाठीसारखा गोल होतो. मध्यभाग सपाट राहतो, नेमके खड्डे तिथेच पडतात. जुनी पट्टी दोन्ही बाजूंनी धारेची असेल तर उलटवून एक हंगाम निघेल, पण झीज मूळ पत्र्याच्या बोल्टांपर्यंत पोचायच्या आत काढा.

भोकं जुळत नसतील तर नव्या पट्टीला भोकं पाडू नका. ती कडक पोलादाची असते, ड्रिल जळतात, शिवाय बोल्टच्या चौकोनी मानेची खोबण हाताने होत नाही. मूळ पात्याचा पत्रा मऊ आहे, तिथे नवी भोकं पाडा. आधी पट्टी शिकंज्यांनी आवळा, भोकांतून खुणा करा, मगच ड्रिल. बोल्ट प्लाऊ बोल्टच हवेत, डोकं पट्टीत सपाट बसणारे. साधे हेक्स बोल्ट दोन फेऱ्यांत घासून जातील. नट मागच्या बाजूने, दोन तास चालवल्यावर पुन्हा आवळा.

---

तेलकट_हात

चाकाचा खेळ दोन प्रकारचा. आत-बाहेर सरकत असेल तर अ‍ॅक्सलच्या टोकाचं वॉशर गेलंय, जाड वॉशर घाला, दहा मिनिटांचं काम. वर-खाली डगमगत असेल तर हब आतून अंडाकृती झालाय. हब काढा, लेथवर बोअर करून काशाचं बुश (आतली नळी) दाबा. अ‍ॅक्सलचा खालचा भाग सपाट झिजलेला असतो, तो आधी गोल करून घ्या आणि बुश त्या मापाचं, नाहीतर बुश महिनाभरही टिकणार नाही. बुशमध्ये ग्रीसची खाच आणि भोक विसरू नका, बसवताना ते ग्रीस कपाच्या रेषेत आलं पाहिजे. जुने कप वाकडे असतील तर काढून नेहमीचे निपल बसवा. साध्या बुशच्या चाकाला काम चालू असताना दर दोन-तीन तासांनी ग्रीस लागतं.

हायड्रॉलिकबद्दल: होतो, पण एक गोष्ट आधी. वर्म गिअर स्वतःच अडकून राहतो, भार आला तरी उलटा फिरत नाही. म्हणून पातं लावलं तिथेच राहतं. वर्म काढून सिलिंडर लावलात की ती पकड गेली. ट्रॅक्टरचे व्हॉल्व्ह थोडे गळतातच आणि पातं हळूहळू खाली येतं. म्हणून प्रत्येक सिलिंडरला तेल दोन्हीकडून कोंडणारा पायलट चेक व्हॉल्व्ह हवाच.

फक्त डावी आणि उजवी उचल हायड्रॉलिक करा, म्हणजे दोन डबल अ‍ॅक्टिंग रिमोट (ट्रॅक्टरवरच्या, सिलिंडर दोन्हीकडे हलवणाऱ्या तेलाच्या जोडण्या) पुरतात. कोन, कल, सरकवणं हातानेच, ते कामाच्या मधे फारसं बदलत नाही. २ इंची बोअरचा सिलिंडर २,००० पीएसआयला ६,२०० पौंड जोर देतो, भरपूर झाला. उलट अडचण अशी की तो फार वेगात हलतो, एका टिचकीत पातं इंचभर खाली. होजच्या तोंडाशी बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर बसवा, १/१६ इंचाने सुरुवात करा. जुनी हँडव्हील आणि वर्म फेकू नका, डब्यात तेल लावून ठेवा. नवीन ब्रॅकेट वेल्ड न करता बोल्टने लावा, मूळ चौकटीला भोक न पाडता पकडीने. पुढे कोणाला यंत्र मूळ रूपात हवं झालं तर करता येईल.

आणि एकट्याने चालवताना पातं मागे असतं, मान वळवून दिसत नाही. पात्याच्या दोन्ही टोकांवर उभ्या रंगीत सळया लावा.

---

दोन_पाती

विरोधी सूर लावतो. ९०० फुटांसाठी एवढा खटाटोप कशाला? थ्री पॉइंटची ६ फुटी लँड प्लेन घ्या. दोन पाती, दोन्ही बाजूंना लांब पट्ट्या, त्या पट्ट्यांमुळे ब्लेड खड्ड्यात पडत नाही. एकटा माणूस, रिव्हर्स होते, ४५ एचपीला जड नाही, चार फेऱ्यांत रस्ता सपाट.

---

पाणसळ

@दोन_पाती, *सपाट* हाच तर प्रश्न आहे. लँड प्लेन आहे तो आकार गुळगुळीत करते. कॅम्बर असेल तर छान राखते, नसेल तर तो उभा करणं आणि कडेचा माल मधे आणणं तिला जमत नाही, कारण माल दोन बाजूंच्या पट्ट्यांत कोंडलेला असतो. चर साफ करणं तर नाहीच. एकदा ग्रेडरने आकार द्या, पुढची देखभाल लँड प्लेनने केलीत तरी माझी तक्रार नाही.

नव्या मालाबद्दल. क्लास ५ मुळात पायाच्या थराचा माल. त्यात २०० नंबरच्या (अगदी बारीक) चाळणीतून जाणारा बारीक भाग ३ ते १० टक्के, आणि पायाला चिकटपणा नकोच असतो. वरच्या थराला मात्र खडी धरून ठेवणारी चिकणमाती थोडी हवी, नाहीतर चढावर चाकं घसरतात आणि लाटा पडतात. तुमच्याकडे क्लास १ मागा: सगळा पाऊण इंचाच्या आत, बारीक भाग ८ ते १५ टक्के. खाणीवाल्याला विचारा की बारीक भाग दगडाची भुकटी आहे की माती. भुकटी बांधत नाही. धुतलेली गोल नदीची खडी तर फुकट मिळाली तरी नको, ती गोट्यांसारखी सरकते.

हिशोब: ९०० × १२ फूट, दाबून २ इंच थर हवा तर सुटा अडीच इंच धरा. ते होतं २,२५० घनफूट, म्हणजे ८३ घनयार्ड. यार्डाला १.४ टन धरून ११७ टन. १४ टनी डंपरच्या आठ-नऊ खेपा. चालकाला फळी थोडी उघडून चालत माल टाकायला सांगा: १० यार्डांची एक खेप १२ फुटी रुंदीत अडीच इंचाने १०८ फूट जाते. दर १०८ फुटांवर खुंटी मारून ठेवा, म्हणजे तो कमी-जास्त टाकतोय ते तिथल्या तिथे कळेल.

पण आधी फक्त चढाला घाला. तिथे थर अडीच इंचच आहे आणि लाटांच्या तळाखाली कापलं तर माती लागेल. २०० फुटांना २६ टन, दोन खेपा. जुना वरचा इंचभर दातांनी उकरून मग नवा माल टाका, म्हणजे दोन थर सांधतील. सपाट भागात ४ इंच आहे, तिथे यंदा नुसतं कापून पसरा.

---

मुरूमकर

चढाबद्दल एक. ७ टक्के उतारावर पाणी कॅम्बरने कडेला जायच्या आधी रस्त्याच्या लांबीने धावतं. तिथे कॅम्बर ५ टक्के करा (४ फुटी पाणसळीखाली २ इंच ३ सूत). कडेच्या चरात दर ४०-५० फुटांवर मुठीएवढ्या दगडांचा बुटका बांध घाला, मधे खोलगट. नाहीतर चर दरवर्षी खोल होत जातो आणि रस्त्याची कड ढासळते. आमच्याकडे घाटातल्या पाणंद रस्त्यांचं हेच होतं, रस्ता चांगला केलेला असतो आणि चर मोकळा सोडलेला असतो.

दाबायला छोटा व्हायब्रेटरी रोलर एका दिवसाच्या भाड्याने आणा. नसेल तर ट्रॅक्टर चाकाला चाक लावून पूर्ण रुंदीवर फिरवा. फक्त दोन चाकोऱ्यांत गाडी गेली तर चाकोऱ्याच दबतात आणि कॅम्बर पहिल्याच आठवड्यात मोडतो.

---

वर्मगिअर

चर खोल करणार असाल तर आधी ८११ ला फोन करा, केबल आणि गॅसच्या पाइपच्या खुणा मोफत करून देतात. काउंटी रोडला मिळतो तिथला भाग आणि तिथला मोरीचा पाइप काउंटीच्या हद्दीत येतो, त्यांना विचारल्याशिवाय पातं लावू नका. तिथे शेवटचे काही फूट उतार काउंटी रोडपासून *तुमच्याकडे* हवा, म्हणजे तुमची खडी आणि पाणी डांबरावर जाणार नाही. पाइपची दोन्ही तोंडं सळईने खुणावून ठेवा, ८ फुटी पात्याचं टोक पाइपच्या तोंडात अडकलं की पाइप पत्र्याच्या डब्यासारखा उलगडतो.

वसंतात घाई नको. वरचे काही इंच वितळलेले आणि खाली अजून गोठलेलं असतं तेव्हा पाण्याला खाली जायला वाट नसते. तेव्हा पातं लावलं तर गारा होतो. तळापर्यंत वितळून, गाडीचा ठसा उमटेनासा झाला की पहिली फेरी. शेवटची ऑक्टोबरात, जमीन गोठायच्या आत, कडेचे बांध काढून. त्या कॅम्बरवरच तुमचा हिवाळा जाणार.

---

मिनेसोटाकर

यंत्र घेतोय. आधी हब आणि कटिंग एज, हायड्रॉलिक पुढच्या वर्षी. शेतावरून घरापर्यंत ६ मैल आहे, निम्मा डांबरी. लोखंडी चाकांवर ओढत आणू का?

---

तेलकट_हात

नाही. लोखंडी चाक डांबरावर खुणा पाडतं आणि तुमचा हब तसाही डगमगतोय. यंत्रे वाहणाऱ्या बुटक्या ट्रेलरवर आणा. विंचने चढवताना पातं पूर्ण वर, चढल्यावर लाकडी ओंडक्यांवर टेकवा म्हणजे भार वर्मवर राहणार नाही. साखळ्या चौकटीला, चार कोपऱ्यांत. हँडव्हीलला किंवा पात्याला नाही. निघण्याआधी पुढची दांडी आडवी बांधा, मोकळी राहिली तर वळणावर बाहेर झुलते.